अडीनडीचे पैसे आणि दीडशे मार्कांचा पेपर

आमच्या परभणीत आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. महिन्याची फी भरायची, एक खुर्ची, एक प्लग, वर पंखा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. मी जिथं बसते तिथं बाकी सगळी लेकरं एमपीएससी, तलाठी नाहीतर पोलीस भरतीवाली, वीस-बावीस वर्षांची, आणि त्यांच्यात मी ३७ वर्षांची, चौथीतल्या पोराची आई. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीनं विचारलं, ताई तुम्ही कोणत्या पोस्टची तयारी करायलात? म्हणलं पोस्ट नाही गं, गुंतवणूक सल्लागाराची परीक्षा आहे. ती म्हणाली, म्हणजे शेअर मार्केट का? मी आधी हो म्हणणार होते, मग म्हणलं नाही, शेअर मार्केट त्यातला एक तुकडा आहे, बाकी सगळं घरातलंच आहे, कर्ज, विमा, म्हातारपण, वारस. तिनं थोडं थांबून विचारलं, वारस पण? हो, वारस पण.

तिला जे पाच मिनिटांत सांगितलं तेच आज इथं नीट लिहायलेय, कारण ही तयारी करताना मला जे सापडलं ते कुठल्या क्लासच्या व्हिडिओत नव्हतं.

आधी परीक्षा काय आहे ते. एनआयएसएम ही सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, उभी केलेली संस्था, कॅम्पस रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला. त्यांच्या परीक्षा नावापेक्षा नंबरानंच ओळखतात. म्युच्युअल फंड विकायचे असले तर व्ही-ए, ती मी आधीच दिलेली, १०० मार्कांची, २ तास, ५० ला पास आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. सल्लागार व्हायचं असेल तर एक्स-ए आणि एक्स-बी असे दोन पेपर. एक्स-ए १५० मार्कांचा, ३ तास, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग कापतात. त्यात ९० मार्कांचे सुटे प्रश्न आणि ६० मार्कांच्या केस, म्हणजे एखाद्या घराची सगळी माहिती देतात आणि त्यावर पाच-पाच प्रश्न.

मी बीकॉम, आणि गेली अकरा वर्षं एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते. आधी सल्लागार म्हणून रजिस्टर व्हायचं तर पोस्ट ग्रॅज्युएशन आणि अनुभव दोन्ही लागायचं, त्यामुळं मी हा विषय कधीच सोडून दिलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं नियम बदलले, पदवी पुरेशी केली, अनुभवाची अट काढली, नेटवर्थच्या, म्हणजे स्वतःकडं अमुक एवढी मालमत्ता पाहिजे या अटीच्या, जागी डिपॉझिट आणलं जे १५० क्लायंटपर्यंत १ लाख आहे. ही बातमी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचली आणि डबा तसाच राहिला. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मिस्टरांना म्हणलं, मी ही परीक्षा देणारय.

आता का देणारय ते सांगायला मला अण्णांकडं जावं लागतं. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तेव्हा जे काही हातात आलं त्यातले ९ लाख त्यांनी एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या क्रेडिट सोसायटीत, ठेवले, साडेबारा टक्क्यांनं. बँक तेव्हा साडेसहाच्या आसपास द्यायची. ठेवायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं. मी कॉमर्सची, टॅक्सच्या ऑफिसात, म्हणून मला विचारलं, की बाई ठेवू का? आणि मी म्हणलं ठेवा, सगळेच ठेवायलेत, आमच्या ऑफिसातल्यांचे पण आहेत. दोन वर्षं दर महिन्याला व्याज आलं, अगदी तारखेला, आणि मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही. ती पावती अजून आमच्या लोखंडी कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अण्णा मला त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून, त्याच्या आधी तो १ लाख होता. तो बँकेला असतो, सहकारी बँकेला पण असतो, पण क्रेडिट सोसायटीला, मल्टिस्टेटला तो नसतो. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी माहीत असतं तर! मी रोज लोकांचे रिटर्न भरत होते, एफडीच्या व्याजावर टीडीएस काढत होते, आणि हे एक वाक्य मला माहीत नव्हतं. म्हणून ही परीक्षा.

पहिल्यांदा मी जशी सगळे करतात तशी तयारी केली. वर्कबुक प्रिंट करून स्पायरल बाइंडिंग केलं, रोज पहाटे साडेचारला उठून दीड तास, रात्री पोरगं झोपल्यावर एक तास, रविवारी अभ्यासिका. पिवळ्या हायलायटरनं ओळीच्या ओळी रंगवल्या. मी मराठी मीडियमची, वर्कबुक इंग्रजीत, त्यामुळं प्रत्येक पान दोनदा वाचावं लागायचं, एकदा भाषेसाठी आणि एकदा विषयासाठी. मॉक टेस्ट सोडवल्या तर कधी ९५ कधी ८२. आणि केस आली की डोकं बंद पडायचं, कारण केसमधलं घर कायम तेच, नवरा-बायको दोघं नोकरीला, महिन्याच्या एक तारखेला पगार, मुंबई-पुण्यात फ्लॅट, होम लोन, एक पोरगी जिला परदेशात शिकायचंय. असं एक घर माझ्या ओळखीत नाही. आमच्या ऑफिसात येणारा माणूस म्हणजे थोडी शेती, एक दुकान, बायकोच्या नावावर दूध डेअरी, भावाबरोबर सामायिक सातबारा, पगार कुणालाच नाही.

परीक्षा संभाजीनगरला होती. सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं गेले, सेलू गेलं, परतूर गेलं, जालना गेलं, आणि मी खिडकीपाशी बसून फॉर्म्युले पाठ करत होते. ८६ मार्क पडले. ९० लागतात, चार कमी.

परतीच्या गाडीत मी रडले नाही, मी हिशोब करत होते. १६ प्रश्न मी कोरे सोडले होते, निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीनं. सगळे हेच सांगतात ना, येत नसेल तर हात लावू नका. आता बघा, चार पर्याय असलेल्या १६ प्रश्नांना डोळे मिटून जरी उत्तर दिलं तरी सरासरीनं चार बरोबर येणार आणि बारा चुकणार, म्हणजे ४ मिळाले आणि बारा पाव म्हणजे ३ गेले, तरी १ मार्क हातात राहतो. आणि त्यातले दोन पर्याय चूक आहेत हे नक्की कळत असेल तर उरलेल्या दोनातून निवडताना आठ बरोबर आठ चूक, म्हणजे ८ उणे २, सहा मार्क वर. माझ्या त्या १६ मधल्या बहुतेक प्रश्नांत दोन पर्याय मला सरळ सरळ चूक दिसत होते. म्हणजे मी ज्ञानात कमी पडले त्यापेक्षा भीतीनं जास्त पडले. आणि हे सगळं एक्स्पेक्टेड व्हॅल्यू नावानं पुस्तकात वाचलेलं होतं, फक्त ते स्वतःच्या पेपरला लावायचं सुचलं नाही. कुणी या परीक्षेला बसणार असेल तर एवढं तरी घ्या माझ्याकडून, दोन पर्याय उडवता येत असतील तर प्रश्न सोडू नका.

दुसऱ्यांदा मी पद्धतच बदलली. एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर 'पेपरात' आणि उजव्या पानावर 'घरी'. डावीकडं वर्कबुकात जे आहे ते, उजवीकडं त्याला आपल्याकडं काय म्हणतात आणि ते आपल्या ओळखीत कुणाच्या घरी घडलंय. पहिल्याच दिवशी मला जाणवलं की आपल्याकडं या सगळ्याला शब्द आहेतच, चांगले दणकट शब्द आहेत. लिक्विडिटीची व्याख्या मी चार वेळा पाठ केली होती, आणि आपली आई म्हणते सोनं काय, केव्हाही मोडता येतं. मोडता येणं, झालं की! एफडी मोडली, पाटल्या मोडल्या, जमीन मात्र मोडता येत नाही, विकावी लागते आणि गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि इमर्जन्सी फंडाला तर आपल्याकडं किती चांगला शब्द आहे, अडीनडीचे पैसे. अड वेगळी आणि नड वेगळी, दोन्हीला पुरतील असे.

या अडीनडीच्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. डाव्या पानावर लिहिलं, तीन ते सहा महिन्यांचा खर्च. पेपरात हेच लिहायचं, यावर मार्क मिळतात. उजव्या पानावर माझा चुलतभाऊ आला, मानवत तालुक्यात त्याची सहा एकर, सोयाबीन, कापूस, थोडी तूर. त्याच्याकडं पैसा येतो दसरा-दिवाळीला सोयाबीनचा, मग कापसाच्या वेचण्यांचा, जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचा, आणि त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत सगळं बाहेरच जातं, बियाणं, खत, फवारणी, पोरांच्या फिया, लग्नकार्यं. म्हणजे एक हंगाम नीट गेला तरी त्याला सात-आठ महिने बिनपैशाचे काढायचे असतात. आणि हंगाम गेला तर? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्यात त्याचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांना मोड फुटले. म्हणजे २०२४ च्या दिवाळीनंतर त्याला धडाचा पैसा दिसायला २०२६ ची दिवाळी. अशा माणसाला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणून सांगणं म्हणजे त्याला अर्ध्या वाटेत सोडणं आहे. मी उजव्या पानावर लिहिलं, किमान एक पूर्ण वर्ष, आणि त्यात पुढच्या पेरणीचा खर्च वेगळा. हे माझं मत आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही, पण मला ते ठामपणे वाटतं.

कर्जाच्या धड्याला पण तोच भाऊ. त्याच्या पोराला मागच्या साली दवाखान्यात ॲडमिट करायची वेळ आली तेव्हा त्यानं गावातल्याच एकाकडून ५० हजार घेतले, तीन रुपये शेकड्यानं. आपल्याकडं तीन रुपये शेकडा म्हणलं की ऐकायला तीनच वाटतात. तो महिन्याचा दर आहे. वर्षाचा ३६, आणि व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं तर १.०३ चा बारावा घात, म्हणजे वर्षाला साधारण साडेबेचाळीस टक्के, ५० हजाराचे ७१ हजारांच्या वर. नॉमिनल आणि इफेक्टिव्ह रेटमधला फरक मला तीन आठवडे डोक्यात बसत नव्हता, तो या एका उदाहरणानं कायमचा बसला. त्याच्या बाजूलाच किसान क्रेडिट कार्ड, ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के आणि वेळेत भरलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ च टक्के. त्याचं कार्ड होतं! पण जुनं थकलेलं, नवंजुनं केलेलं नाही, म्हणून बँकेनं नाही म्हणलं. मी त्याला म्हणलं भाऊ, तुला एकदा तरी मला फोन करायचा ना. तो म्हणाला, ताई, तू टॅक्सवाली, तुला कसं सांगावं. ही गोष्ट मला फार लागली. लोक मदतीला येत नाहीत कारण त्यांना वाटतं हे शास्त्र पैसेवाल्यांसाठी आहे. वेल्थ मॅनेजमेंट नाव ऐकलं की त्यांना वाटतं आपल्याकडं वेल्थच कुठंय.

आणि दामदुप्पट! हा शब्द आमच्याकडं भिंतींवर रंगवलेला असायचा, अमुक वर्षांत दामदुप्पट. ७२ चा नियम शिकले तेव्हा कळलं, ७२ ला वर्षांनी भागलं की साधारण दर निघतो, सहा वर्षांत दुप्पट म्हणजे १२ टक्के, पाच वर्षांत म्हणलं की साडेचौदाच्या आसपास. असला बोर्ड दिसला की आता मी उभ्या उभ्या भागाकार करते आणि मग विचार करते की बँक एवढं देत नाही तर हे कुठून आणणारेत. पण दामदुप्पटीची मूळ गोष्ट वेगळीच आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता तो कर्जदाराला वाचवण्यासाठी, सावकारानं एका वेळी मुद्दलाच्या दुपटीच्या वर वसूल करायचं नाही, म्हणजे व्याज कधी मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी पण तो मानला. नाडलेल्याला वाचवायचा शब्द होता, आणि आमच्या अण्णांसारख्यांना ओढून न्यायला वापरला गेला. हे मी वहीत लाल पेनानं लिहिलंय.

आता गणितं. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि इथंच सगळ्यात जास्त मार्क जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे मिस्टर विनाअनुदानित शाळेत शिकवतात, पेन्शन नाही. मी आमच्याच घराचं गणित घेतलं. आज महिन्याचा खर्च धरा २० हजार, वर्षाचा २ लाख ४० हजार. त्यांच्या निवृत्तीला १५ वर्षं आहेत, महागाई ६ टक्के धरली तर तेव्हा तोच संसार वर्षाला ५ लाख ७५ हजारांवर जातो, महिन्याला जवळजवळ ४८ हजार. हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी एक्सेल बंद करून परत उघडलं. पुढं २० वर्षं जगायचं, पैशावर ८ टक्के मिळतील, महागाई ६ च, तर निवृत्तीच्या दिवशी हातात किती पाहिजे?

इथं दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडले होते. पहिला, आठातून सहा वजा करून २ टक्के खरा परतावा, म्हणजे महागाई जाऊन उरणारा, धरणं. तसं नाही, १.०८ ला १.०६ नं भागायचं आणि एक वजा करायचा, १.८९ च्या जवळ येतं. दुसरा खड्डा, खर्चाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला लागतात की शेवटी. किराणा आधी भरावा लागतो, खाऊन झाल्यावर नाही, म्हणून एक्सेलच्या पीव्ही या फॉर्म्युल्यात शेवटच्या 'टाइप' नावाच्या खान्यात १ टाकायचा. दोन्ही नीट केलं तर उत्तर येतं साधारण ९६ लाख ९० हजार. २ टक्के धरले तर ९५ लाख ९० च्या पुढं थोडं, आणि टाइप विसरला तर ९५ लाख १० च्या आसपास. तिन्ही उत्तरं इतकी जवळजवळ की मॉकमध्ये ती तिन्ही पर्याय म्हणून छापलेली असतात आणि आपण आपल्या चुकीच्या उत्तरावर आनंदानं टिक करतो. हा एकच प्रकार मी वेगवेगळे आकडे घेऊन चाळीसेक वेळा सोडवला, शेवटी शेवटी पोरगं शेजारी बसून विचारायचं, आई आज कुणाच्या म्हातारपणाचं गणित आहे?

बॉन्ड, डेरिव्हेटिव्ह, पोर्टफोलिओचे रेशो हे मी सरळ पाठ केलं, त्याचं घरचं पान फारसं भरलं नाही, आणि ते ठीक आहे, सगळंच घरी सापडत नाही.

दुसऱ्या वेळी १०७ मार्क पडले. केस आधी सोडवल्या, डोकं ताजं असताना, आणि सुटे प्रश्न नंतर. केसमधलं ते मुंबईचं जोडपं याही वेळी होतंच, पण आता त्यांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक, मला चुलतभावाच्या तुरीच्या पैशासारखी दिसत होती, कधी येणार, कधी लागणार, मध्ये काय झालं तर मोडता येईल का. स्क्रीनवर निकाल दिसला तेव्हा बाहेर येऊन मी आधी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, बरं झालं, जेवलीस का?

आता एक्स-बी राहिलाय. निवृत्ती, विमा, टॅक्स, वारसा, वर्तनाचं अर्थशास्त्र आणि नियम-नीती. टॅक्स माझ्या रोजच्या कामातला म्हणून त्याला कमी वेळ देतेय. वर्तनाचा भाग वाचताना मात्र तात्या डोळ्यांसमोर येतात, माझे चुलते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात तो दहा हजार रुतून बसलाय. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकलं जात होतं, तरी तात्यांची पोती घरात, थप्पी छतापर्यंत, म्हणे येईल भाव. यालाच अँकरिंग म्हणतात, आणि तोटा मान्य करायला माणूस का तयार होत नाही ते कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं. तात्या वेडे नाहीत. त्यांना त्या पोत्यांत पोरीचं लग्न दिसतं, त्यांना चार हजारात ते लग्न विकल्यासारखं वाटतं. सल्लागारानं आधी हे समजून घ्यावं आणि मग आकडे काढावेत असं मला वाटतं, उलटं केलं की तात्या उठून जातात.

एक गोष्ट घरात अजून पूर्ण ठरलेली नाही. सल्लागार म्हणून रजिस्टर झालं की फंडांचं कमिशन घ्यायचं नाही, डिस्ट्रिब्युटरचा एआरएन, म्हणजे फंड विकायचा नोंदणी नंबर, सोडायचा, फक्त फी घ्यायची. २०१३ च्या जानेवारीपासून फंडांचे डायरेक्ट प्लॅन आहेत, मध्ये एजंट नसलेले, त्यात कमिशन नसतं, क्लायंटला तेच सांगायचं. माझं ट्रेल कमिशन, म्हणजे आधी विकलेल्या फंडांवर मिळत राहणारं, थोडंच आहे पण ते दर महिन्याला येतं, आणि परभणीत सल्ल्याची फी कोण देणार हा मिस्टरांचा प्रश्न खरा आहे. त्यांचा विरोध नाही, ते काळजीनं विचारतात. माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. पण अण्णांनी जेव्हा मला विचारलं होतं, ठेवू का, तेव्हा त्यांच्यासमोर असा कुणीतरी माणूस बसायला पाहिजे होता ज्याला त्या ९ लाखांतून एक रुपयाही मिळणार नव्हता. त्या मल्टिस्टेटच्या एजंटला मिळणार होता. म्हणून मी फीच घेणार, थोडी घेईन, पण फीच.

सध्या वारसाहक्काचा धडा चालू आहे आणि यात मी अडकून बसलेय, चांगल्या अर्थानं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, माणूस मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग एकच्या वारसांत मुलगा, मुलगी, बायको आणि आई, वडील मात्र वर्ग दोनमध्ये. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी वडिलोपार्जितात जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, झाली, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेणारा, शेअरच्या बाबतीत पण डिसेंबर २०२३ ला कोर्टानं हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असली तर पैसा त्यांचाच, हा अपवाद पेपरात हमखास फसवतो. आणि १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा, पॉलिसी काढतानाच त्याखाली काढली तर नवऱ्याला कर्ज दिलेल्यांना त्या पैशाला हात लावता येत नाही. दीडशे वर्षं जुना कायदा, एक जास्तीचा फॉर्म भरायचा, आणि आमच्या भागात जिथं कर्जाखाली माणूस गेला की मागं बायको सगळ्यांना तोंड देत बसते, तिथं किती जणींना हा माहीत असेल? भावाचा टर्म प्लॅन मी आता याच्याखाली काढायला लावणारय.

परवा हे सगळं मी मोठ्यानं वाचत होते तेव्हा आत्या आलेली होती. ती भाजी निवडत ऐकत होती. मी वर्ग एकची यादी म्हणत होते, मुलगा, मुलगी, विधवा, आई, तर तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, मुलगी पण? म्हणलं हो आत्या, मुलगी पण. ती म्हणाली, मग आम्ही कशावर अंगठे दिले गं? आजोबा गेल्यावर तीन बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं, राखीला येणं-जाणं राहावं म्हणून. अण्णा पण त्या भावांतले एक. मला काय बोलावं सुचलं नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरत नाही हे मला माहीत आहे, आणि ती जमीन परत मागायला निघालीय असंही नाही. तिनं फक्त विचारलं, की ज्याच्यावर अंगठे दिले ते कागद एकदा वाचून दाखवशील का, तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पेपर पुढच्या महिन्यात आहे, परत संभाजीनगर, परत तीच सकाळची गाडी. रविवारी अभ्यासिकेला सुट्टी घेतलीय. आत्या येणारय कागद घेऊन, अण्णांना पण बसायला सांगितलंय, आणि भावाला म्हणलंय येताना नवा सातबारा आण.